दाब नसलेले कागद

सोमवार, १४ तारीख
दुकान उघडण्याआधी

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. पुढचं वाचून झाल्यावर ते घ्यायचे की नाही, हे तू ठरव.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे, फक्त जिना चढताना आता त्याचं भाषण जरा लांबतं. मला नवा चष्मा लागला. जुन्या मशीनचा पट्टा बदलला, पण त्याची कुरकुर काही गेली नाही. वहिनी म्हणते, मालकावर गेलंय. समोरचं चपलांचं दुकान बंद झालं आणि तिथे दात काढणारा डॉक्टर आलाय, त्यामुळे दिवसभर आमच्या दारासमोर गाल धरून बसलेली माणसं असतात. त्यांच्याकडे बघत बघत मी कोट कापतो.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमच्या कारखान्यातले कटिंग मास्तर निवृत्त होतायत, मालकीणबाईंनी त्यांची जागा तुला देऊ केली, शुक्रवारी उत्तर द्यायचंय. गेल्या आठवड्यात तू मला विचारलंस, "दादा, तूच सांग, घेऊ का?" मी लगेच लिहिलं, "घे." त्यावर तुझं हे उत्तर. "तू प्रेमापोटी म्हणतोस रे. पण ते चोवीस कोट मी विसरलेले नाही. माझ्या हाताला कात्री लाभत नाही, ते तेव्हाच कळलं. मी आपली काजा-बटणांतच बरी. शुक्रवारी नाही म्हणून सांगते."

आणि खाली ते नेहमीचं. "तू नसतास तर त्या दिवशी माझं काय झालं असतं!"

चिमे, हे वाक्य तू एकोणीस वर्षं लिहितेयस. दर पत्रात, न चुकता. मी दरवेळी ते वाचतो, पत्राची घडी घालतो आणि कुणावर तरी विनाकारण खेकसतो. परवा वहिनीवर खेकसलो. ती म्हणाली, "चिमीचं पत्र आलं की तुम्हाला होतं तरी काय? प्रेमाचं पत्र येतं आणि तुम्ही भांडण आल्यासारखे वागता." मी म्हटलं, काही नाही. पण काही नाही असं नाही.

तुला त्या जाड्या वकिलांचा कोट आठवतो? एक खांदा खाली, एक वर, आणि पोट दोघांच्याही पुढे. मी तीन वेळा कापला आणि तिन्ही वेळा मानेमागे चुणी पडली. चौथ्यांदा बाबा म्हणाले, "पोरीकडे दे." तू तेव्हा विशीतली. वकिलांच्या भोवती एक फेरी मारलीस, टेप गळ्यातच राहू दिलास आणि सरळ कापडावर खडू चालवलास. कोट बसला. असा बसला की वकील आरशासमोरून हलेनात. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "यापुढे माझा कोट हीच कापणार. मुलाचा हात बरा आहे, पण मुलीचा हात मास्तरचा आहे."

सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. तुझी पाठ थोपटली. तू किती खूश झालीस! मला मात्र त्या दिवसापासून तुझ्या हातात कात्री बघवेना. आज लिहायलाही लाज वाटते, पण खरं तेच लिहायला बसलोय. तू कापायला उभी राहिलीस की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो. सख्ख्या बहिणीवर जळत होतो, दुसरं काय?

मग बाबा गेले. दुकान माझ्याकडे आलं, म्हणजे येणारच होतं. कुणी तुला विचारलंही नाही. तूही भांडली नाहीस. वर्षाने एवढंच म्हणालीस, "दादा, मी दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान काढते." लोक म्हणाले, बाईकडे कोण कोट टाकणार. मामा म्हणाले, डोकं फिरलंय पोरीचं. जागेचा मालक दोनदा हो म्हणून दोनदा फिरला. तू हट्टाला पेटलीस. एक खोली मिळवलीस, भिंती स्वतः रंगवल्यास, दारावरची पाटीसुद्धा स्वतःच लिहिलीस. आणि उघडून महिना होतोय तोच त्या मोठ्या हॉटेलच्या चोवीस कोटांचं काम घेऊन आलीस. ते काम मी मागितलं होतं, चिमे. तुला हे माहीत नाही. मी दोनदा खेटे घातले होते. मॅनेजर मला म्हणाला होता, "आम्ही तुमच्या बहिणीला दिलं, तिचा हात चांगला आहे म्हणतात."

त्याच संध्याकाळी तू बाबांचे कोटाचे कागद, कापडावर ठेवून बेतायचे ते, मागायला आलीस. दुसरं काही मागितलं नाहीस. मी म्हटलं, मूळ कागद दुकानात राहू देत, तुला रविवारी नक्कल काढून देतो.

बाबांची पद्धत तुला मी काय सांगणार! इतर दुकानांत कागद शिवणीपर्यंतच असतो आणि आत दाबायचं जास्तीचं अर्धा इंच कापड खडूने बाहेर सोडतात. बाबांच्या कागदात तो दाब आधीच धरलेला. आत लाल पेन्सिलीने शिवणीची रेघ आणि बाहेर कापायची कड. कडेवरून खडू फिरवायचा आणि कापायचं. थरावर थर लावून एकदम कापताना त्यामुळे चूक होत नाही म्हणायचे. आपण दोघं त्यावरच शिकलो. आपल्याला वेगळा दाब सोडायची सवयच नाही.

त्या रविवारी मी नक्कल लाल रेघेवरून काढली.

मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलो की घाईत झालं. कसली घाई आणि कसलं काय! पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, चारही मापांचे. सोळा कागद. एकेक सावकाश काढला, बोटांनी कडा गुळगुळीत केल्या. दुपारभर बसलो होतो. वहिनी मध्येच येऊन म्हणाली, "बहिणीचं काम किती मनापासून चाललंय!" आणि मी मान डोलावली.

तू न्यायला आलीस. कागद उलटेपालटे करून विचारलंस, "लाल रेघ कुठाय रे?" मी म्हटलं, "तुला कशाला हवी रेघ? तुझ्या बोटांना दाब पाठ आहे." तुला ते आवडलं. मग दारातून पुन्हा वळलीस आणि म्हणालीस, "बाबांचे जसेच्या तसे ना?"

मी म्हणालो, "जसेच्या तसे."

त्या क्षणी मला थांबवता आलं असतं. तू पायऱ्या उतरत होतीस, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. वाटलं, एखादा कोट बिघडेल, चार लोकांत मान खाली जाईल आणि तू मुकाट परत दुकानात येशील, माझ्या हाताखाली. तू चोवीसच्या चोवीस एकदम कापशील, हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. माहीत होतं. बाबांनी आपल्याला तसंच शिकवलं होतं.

पुढचं तू मला कितीदा लिहिलंस, पण आज माझ्या बाजूने वाच. पहिला कोट शिवून झाला आणि वेटरच्या छातीवर बटणं लागेनात. तू धावत माझ्याकडे आलीस. मी कोट नुसता हातात धरला आणि म्हटलं, "काळं कापड आण." कापड देऊन तू आतून टेप घेऊन येईपर्यंत मी तीन इंचांच्या पट्ट्या कापायलासुद्धा घेतल्या होत्या. दोन्ही काखांखाली उभी काळी पट्टी, बाहीमागेही तशीच, आणि उरलेली लबाडी कॉलरखाली झाकली. मॅनेजरला ती नवी फॅशन वाटली. म्हणाला, पट्ट्यांनी काय रुबाब आलाय! तू आजही कारखान्यातल्या मुलींना सांगतेस ना, "माझ्या दादाने टेप न लावता, नुसत्या नजरेने ओळखलं किती कमी पडतंय ते"? अगं, नजर कसली? मला माहीत होतं किती कमी पडतंय. मीच कमी केलं होतं.

आपल्या लोकांत मात्र गोष्ट पसरली. सगळे म्हणाले, बहिणीने बिघडवलं आणि भावाने सावरलं, भाऊ असावा तर असा. मामांनी मला मिठी मारली. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

ते कागद मी तेव्हाच गुंडाळून घरी आणले. तू शांत होऊन एकदा जरी टेप लावला असतास तर अर्धा-अर्धा इंच लगेच सापडला असता. म्हणून तुला म्हटलं, "आता ते बघूही नकोस, जिवाला त्रास होईल." किती काळजी होती मला तुझ्या जिवाची!

तरी हे सगळं एका बाजूला आणि पुढचं एका बाजूला. महिन्याभराने तू परत आलीस. डोळे कोरडे होते. म्हणालीस, "दादा, मी पुन्हा करून बघते. एक साधा कोट कापते, तू नुसता शेजारी उभा राहा." हरली नव्हतीस गं तू. चोवीस कोट बिघडून, लोकांची बोलणी खाऊन, तरी उभी होतीस. मी काय म्हणालो आठवतंय? मला अक्षर न् अक्षर आठवतं. "चिमे, हाताला कात्री लाभत नाही म्हणजे नाही. काजा-बटणांत काय वाईट आहे? मान राखून राहा." तेही किती मऊ आवाजात! तू मान डोलावलीस. दुसऱ्या आठवड्यात पाटी उतरवलीस आणि गाव सोडून त्या कारखान्यात गेलीस.

कागदांनी तुझे कोट बिघडवले. तुझा हात मी बंद केला, तो असा, मऊ बोलून.

आणखी एक. त्या गडबडीत तू एकदा पुटपुटली होतीस, "लावताना कागद जरा लहान वाटला रे. पण बाबांच्या कागदावर शंका कशी घेऊ?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणजे नुसत्या नजरेने ओळखणारं माणूस खरंच होतं त्या खोलीत, पण ते मी नव्हतो. तुझ्या डोळ्याने बरोबर सांगितलं होतं आणि तुझ्या हाताने कागदाबाहेर एक धागासुद्धा कापला नव्हता. चोवीस कोट मी तपासले होते. सगळे कागदाबरहुकूम. इतकं स्वच्छ कापलेलं काम मी जन्मात पाहिलं नाही, आणि तेव्हाही मला त्याचा रागच आला.

काल हे सगळं वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. हातातली सुरी तिने खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पत्ता तिचा घाला." आणि उठून आत गेली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. ठीकच आहे.

नुसतं "घे, तुझा हात चांगला आहे" असं पुन्हा लिहून मला मोकळं होता आलं असतं. मी तसं लिहून पाहिलंही. पण तू त्यालाही प्रेम म्हटलं असतंस, आणि पहिल्याच थराला लावायच्या आधी कात्री खाली ठेवली असतीस. म्हणून सोबत पार्सल पाठवतोय. त्यात बाबांचे मूळ कागद आहेत आणि मी काढलेले ते सोळाही. मी ते फाडले नव्हते. का नाही, ते मलाही सांगता येणार नाही. एकावर एक ठेव आणि टेप लाव. माझ्या शब्दावर काही मानू नकोस. मूळ कागद आता तुझेच. ते तेव्हाच तुझे व्हायला हवे होते.

माफी मागत नाही. मागायचा धीर नाही आणि तोंडही नाही. शिव्या घालायच्या तर घाल, इथे येऊन घातल्यास तर समोरच्या डॉक्टरकडे बसलेल्यांचीही करमणूक होईल. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस. तेही मला मान्य आहे.

पण शुक्रवारी हो म्हण. कारखान्यात सगळ्यांसमोर मोठ्या टेबलाशी उभी राहा आणि पहिला थर तू काप. दादा म्हणतो म्हणून नको, दादाचं आता काही ऐकायचं नाही. माझ्या नाकावर टिच्चून काप.

तुझा हात चांगला आहे, हे एकोणीस वर्षं एकट्याने जाणून गप्प बसलेला,
तुझा दादा