सत्तेचाळीसने संपणारा नंबर

अष्टमी, रोहा
४ एप्रिल २०२५

ती. कमळाकरदादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी तू वारल्याची मेल माझ्या ऋतुजाला आली. तिने कंपनीतून रडत मला फोन केला. पण त्याआधीच मी मैनावहिनीशी बोलले होते आणि आमटी खारट झाली म्हणून तू ताट सरकवून बसलायस, हे मला कळलं होतं. त्यामुळे माझं रडायचं राहून गेलं. मेलमध्ये लिहिलंय की पेणचे मूर्तिकार कमळाकर अचानक गेले, कुटुंब उघड्यावर पडलं, तरी खालच्या खात्यात मदत पाठवा. मेल तुझ्याच पत्त्यावरून आलीय. स्वतःच्या मरणाची पत्रं स्वतः घालणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच.

ऋतुजा म्हणते, तुझं मेलचं खातं चोराच्या हाती गेलंय. कसं गेलं तेही पोरीने शोधून काढलं. गिऱ्हाइकांना पाठवायचे फोटो तू ज्या भिंतीपुढे काढतोस, तिच्यावर तूच सोनेरी रंगाने लिहून ठेवलंयस: पीतांबराच्या रंगाचं प्रमाण, गॅसवाल्याचा नंबर आणि खाली पासवर्ड. गणपतीच्या कानाशेजारी लख्ख वाचता येतो. तीन वर्षं तो देशोदेशी फिरतोय.

कालपासून तुम्हा दोघांचे फोन बंद का? ऋतुजाला सुट्टी नाही, नाहीतर तीच आली असती. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसून आधी पासवर्ड बदल. लोभ असू दे, असलास तरी आणि नसलास तरी.

तुझी सगुणा

पेण
७ एप्रिल २०२५

चि. सौ. सगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. दोन्ही फोन मी शाडूच्या गोणीत पुरून ठेवलेत. मेलमध्ये शिरलेला चोर फोनमध्ये शिरायला कितीसा वेळ लावणार? तू तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेस, माझा आता तेवढ्यावरच विश्वास.

माझ्या मरणाने इथे कामं वाढवलीत. पुण्याचे एक गिऱ्हाईक झेंडूचा हार घेऊन आले. दार मीच उघडलं. बिचारे हार पाठीमागे लपवून, आपण कमळाकरांचे भाऊ का, असं विचारू लागले. डब्लिनच्या मंडळाने दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, हे त्यांच्यापैकी एकाच्या मेव्हण्याने येऊन सांगितलं. मैना त्यांना चहा देते आणि आत जाऊन हसते.

पण सगुणे, मला हसू येत नाही. परदेशच्या ऑर्डरी अक्षय्य तृतीयेपर्यंत पक्क्या होतात, मग मूर्ती जहाजात चढतात. सगळ्यांचे पत्ते, कोणाला किती उंचीची, कोणाला उजव्या सोंडेची, सगळं त्या खात्यात आहे. मेलेल्या माणसाला ऑर्डर कोण देणार? चौदा वर्षांत बसवलेला जम तीन आठवड्यांत जाईल, याची मला खरंच भीती वाटते.

पासवर्ड चोराने बदललाय. 'विसरलो' दाबलं की कॉम्प्युटर सांगतो, सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरावर कोड पाठवलाय. तो नंबर ना माझा, ना मैनाचा. चोराचाच असणार. उलट टपाली कळव.

वाट पाहणारा,
दादा

अष्टमी, रोहा
१० एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तो चोर नाही, पोपटदादा आहे. २०११ साली आमच्याकडे बसून तुम्ही दोघांनी खातं उघडलंत, तेव्हा तुझ्याकडे मोबाईल नव्हता, म्हणून त्याचा नंबर दिला होता. माझ्या जुन्या डायरीत अजून आहे.

ऋतुजाने सांगितलंय की दुसरा मार्ग नाही. गडबला जायचं, त्याच्या शेजारी बसायचं, बटण दाबायचं. कोड दहा मिनिटंच चालतो. त्याने वाचायचा, तू घालायचा. पत्राने मागवायचा नाही, हे तिने मुद्दाम लिहायला लावलं. पुढे काय काय करायचं, त्याची तिने केलेली यादी सोबत जोडलीय.

चार वर्षं तुम्ही बोलत नाही, माहीत आहे मला. भागीदारी मोडली कशावरून, तर तुझी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिरळी होतेय असं तो म्हणाला म्हणून. पुढच्याच वर्षी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आमच्या शोकेसमधल्या तुझ्याच मूर्तीसमोर तू किती वेळ उभा होतास, ते मी पाहिलंय.

त्याच्या दारात जाण्यापेक्षा मेलो तर बरं, असं तू म्हणशील. दादा, ते झालंय. आता जा.

काळजीत असलेली,
सगुणा

पेण
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. सगुणास,
आशीर्वाद.

मी जाणार नाही. कारखाना सोडून तो गेला, मी नाही. मी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बटण दाबतो. कधीतरी यंत्रच कंटाळून कोड मला देईल. पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुसरा कारखाना बघितला म्हणे. मैना माझ्याशी बोलत नाही. ऋतुजाला पापा.

दादा

पेण
२२ एप्रिल २०२५

चि. सौ. सगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खातं मिळालं. पोपट आला होता.

काल सकाळी वीज नव्हती, म्हणून मी बाहेर बसून मूर्तीचे हात रंगवत होतो. साडेआठला पोपट मिनीडोअरमधून उतरला आणि धावतच आत आला, चप्पल उंबऱ्याबाहेर न काढता. मला बघितल्यावर थांबला आणि उगाच वाळत घातलेल्या मूर्तींकडे बघायला लागला. मग खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. एकोणीस कोड, तारीख-वेळेसकट. सगळे बाद झालेले.

मी गेल्याची मेल त्यालाही आली होती. म्हणाला, त्या दिवशी घास गेला नाय. मयताला कोणी बोलावलं नाय, मग तोंड कसं दाखवायचं, म्हणून गडबच्या नाक्यावरून दोनदा मागे फिरला. मग कोड यायला लागले. आधी त्याला वाटलं चोर असेल. पण रोज सातच्या ठोक्याला? सातला कारखाना उघडून आधी कॉम्प्युटर लावायचा, हा माझा नेम त्याच्याइतका कोणाला ठाऊक? तेव्हा त्याला समजलं की हा अजून हाय. त्यानंतर रोज सकाळी फोन हातात धरून बसायचा आणि कोड आला की मगच चहा घ्यायचा. काल कोड आला नाही.

सगुणे, मी कुंचला खाली ठेवला. म्हटलं, तुझं खरं होतं, उजवा डोळा तिरळा जायचा. तो म्हणाला, डावा. त्यावरून आमचे आवाज इतके चढले की मैना पळी घेऊन बाहेर आली. तेवढ्यात लाईट आली.

विसावा कोड त्याने वाचला, मी घातला. ऋतुजाने लिहून दिलं होतं तसं पुढचं सगळं केलं. नवा पासवर्ड घातला, भिंतीवर चुना मारला, चोराला बाकी सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढलं. माझी येणारी पत्रं परस्पर त्याच्याकडे जातील अशी सोय त्याने करून ठेवली होती, ती मोडली. मग मी जिवंत असल्याचं सगळ्यांना कळवलं आणि मदत पाठवू नका असंही. डब्लिनची ऑर्डर रात्रीच आली. दोन मूर्ती वाढवल्यात, वाईट वाटलं असेल बिचाऱ्यांना.

यादीत शेवटचं होतं, जुना नंबर काढून स्वतःचा घालावा. गोणीतून फोन काढून माझा घातला. पोपटचा काढायच्या वेळी तो शेजारी बसून मूर्तीवरचं कापड सारखं करत होता, माझ्याकडे अजिबात लक्ष नसल्यासारखा. मी काढला नाही. ऋतुजा रागावेल, तर रागावू दे. उद्या आम्ही पुन्हा भांडलो, आणि भांडणारच, तर मी सकाळी सातला बटण दाबीन. त्याला चहा घेता येईल.

तुम्हा सगळ्यांवर जीव असलेला,
दादा