आईच्या नवसाची बाळी

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सकाळी कान टोचून घेतला. पन्नाशीला आलेल्या माणसाने! पहिल्या बसने भोकरदनला गेलो. राधेश्याम सोनाराने शटर अर्धंच उघडलं होतं. "पोरगी कुठंय?" म्हणाला. म्हटलं, पोरीचा नाही, माझा. वरचा. भिकबाळी घालायची आहे.

तो हसला. मग माझं तोंड बघून सुई काढली.

माझ्याआधी आईला तीन लेकरं झाली, एकही राहिलं नाही. मी पोटात असताना ती मळ्यातल्या खंडोबाला बोलली – हा जगला तर याच्या कानात तुझी बाळी घालीन. मी जगलो. बाळी राहिली. आधी दुष्काळ, मग वडील गेले, मग गिरणीचा व्याप. आई स्वतःही विसरली होती. दिवाळीआधी पडली, खाटेला खिळली. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. आणि पडल्या पडल्या हेच वर आलं. "बाळी राह्यली रे किसना. देवाला कोणत्या तोंडानं भेटू?" घास तोंडात जाईना.

"खालची पाळी लोण्यावानी टोचती," राधेश्याम म्हणाला. "वर कवळं हाड असतं. दम धरा बराबर." कच्च असा आवाज झाला – बाहेर नाही, डोक्याच्या आत.

घरी आलो. आईने कान चाचपला. बाळी बोटांनी जरा फिरवली. मला झिणझिण्या आल्या, कान तसाच तिच्या हातात राहू दिला. मग तिने दुधात भाकरी कुस्करून मागितली! बायको, मनीषा, चुलीपुढे डोळे पुसत होती. म्हणाली, धूर झालाय.

सोमवार, १०

गिरणीवर दिवसभर चेष्टा. धम्मपाल बाजरीचं पोतं टेकवता टेकवता ओरडला, "काय राधाकिसनभाऊ, पेशवाई आली का हसनाबादला?" शाळेपासूनचा दोस्त, त्याला काय बोलणार! दळणाला आलेली शिवकन्यामावशी मनीषाला म्हणाली, "सूनबाई, सांभाळा बरं. या वयात सजला म्हंजी काही खरं न्हाई." मनीषानेही हसून घेतलं.

मला मात्र आतून बरं वाटत होतं. काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं.

गुरुवार, १३

रोज दिवा लावला की देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा घेतो आणि भोकात दाबतो. मनीषा म्हणते, मिठाच्या पाण्यानं धुवा, ते कोरडं काय भरून राह्यले. मी म्हटलं, देवाच्या नावाने टोचलंय, औषधही देवाचंच. भंडाऱ्याहून मोठं काय आहे?

रविवार, १६

कान सुजला. त्या अंगावर झोपता येत नाही. आई रोज सकाळी हात पुढे करते, बाळी शोधते. मी वाकून कान देतो. तिच्या बोटांनी डोळ्यांपुढे तारे चमकतात. पण ती "आहे" एवढंच म्हणते, आणि त्या एका शब्दात तिचा चेहरा इतका निवांत होतो, की वाटतं – ठणकू दे.

सोमवार, १७

पिठापासून वाचवायला रुमाल बांधून गिरणी चालवली. पट्ट्याचा आवाज थेट कानात शिरत होता. भंडारा आज दोनदा लावला.

बुधवार, १९

रखमाजीबुवा खंडोबाची पूजा करतात. त्यांना रुमाल सोडून कान दाखवला. बघितला न बघितला तोच म्हणाले, "उशीर केला किसना. म्हणून देव कान धरून राह्यला."

दिवसभर तेच डोक्यात. खरंच का? देव असं मनात ठेवतो? ज्याने तीन लेकरांनंतर एक हातावर ठेवलं, तो एका सोन्याच्या तारेसाठी खुन्नस धरेल? पटत नाही. आणि मनातून जातही नाही. संध्याकाळी आरतीत शब्द चुकलो. कधी चुकत नाही मी.

शुक्रवार, २१

खंडोबाचे सहा दिवस आजपासून. घट बसवला. आई म्हणाली, मी उपास धरणार. या वयात! मी म्हटलं, अगं, तुला कोण मागतंय? "मला कोणी मागत न्हाई म्हणूनच धरून राह्यले," म्हणाली. दुधाचा घोट, बास.

सकाळी तिने कान धरला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ. बाळी फिरवली नाही. नुसता तळहात ठेवला आणि काढून घेतला. "आहे" म्हणालीच नाही.

शनिवार, २२

आज आईने हातच पुढे केला नाही. मी वाकून उभा होतो. तिला कळलं असेल, नसेल. भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती.

काय चुकलं? बाळीत काही कमी राहिलं का? देव्हाऱ्यापुढे घालायला हवी होती, सोनाराच्या दुकानात नको होती – असं तर नसेल तिच्या मनात? विचारायला जीभ उचलत नाही. विचारलं आणि "हो" म्हणाली तर!

सोमवार, २४

मनीषाने ऐकलंच नाही. मला तापात तसंच जालन्याला नेलं. कानाच्या डॉक्टरीणबाई पोरगेल्याच आहेत. दिव्याखाली कान बघितला, चिमट्याने काहीतरी उचललं.

"ही पिवळी पूड कसली?"

"भंडारा."

"रोज भरता?"

"देवाचा आहे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं. शांतपणे म्हणाल्या, "काका, कपाळाला लावा ना. जखमेत नको. वरच्या कानात रक्त कमी फिरतं, तिथली जखम लवकर भरत नाही. आता आत पू झालाय. बाळी काढून तो मोकळा केला नाही, तर आतली कूर्चा सडेल आणि कान कायमचा चुरगळेल. आजच करू."

मी म्हटलं, आज नको. आईला विचारतो.

मनीषा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "देवानं तुम्हाला जगवलं ते असं सडायला न्हाई."

मंगळवार, २५

गोळ्यांनी ताप उतरतो, पुन्हा चढतो. गिरणी बंद ठेवली. धम्मपाल येऊन बसला. आज चेष्टा केली नाही. "आईला सांगून टाक. म्हातारीला काचेची समजू नको."

सांगू कसं? ती खात नाही. उपास म्हणते, पण ओठ सुकलेत, नाडी हाताला लागत नाही. एवढ्याशा तारेवर तिने अख्खा जीव टांगून ठेवलाय. ती काढली आणि उद्या तिने डोळे मिटले तर? रिकाम्या हाताने पाठवलं म्हणून जन्मभर... कान काय, एक गेला तर दुसरा आहे. पण तापात एक विचार आला आणि मी दचकलो – आई जायच्या आधी मीच गेलो तर? चौथंही लेकरू!

देव्हाऱ्यापुढे बसलो. काही मागितलं नाही. भंडारा हातात घेतला, कानाकडे हात गेला. थांबलो. कपाळाला लावला.

बुधवार, २६, चंपाषष्ठी

सकाळी जालन्याला जाऊन बाळी काढली. पू काढून पट्टी बांधली. येताना मळ्यात उतरलो, बाळी खंडोबापुढे ठेवली. घरी येऊन आईचा हात मीच धरला, पट्टीवर ठेवला.

"काढली?"

"हो. देवापुढं ठेवली."

तिने हात पट्टीवरून कपाळापर्यंत फिरवला. मग म्हणाली, "कान तव्यावानी तापला व्हता रे तुझा. मला वाटलं, देव यालाबी नेऊन राह्यला. देवाला बोलले, तुझी बाळी तू परत घे, लेक मला राहू दे. तवर अन्न न्हाई."

तिने पुन्हा नवस केला होता!

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "मनीषा, नैवेद्याचं भरीत झालं का गं?"