फलकावरील ‘टेनिसविजेती’ हा शब्द काढणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
प्रभाग कार्यालय, नायगाव (पूर्व),
ता. वसई, जि. पालघर.

विषय : स्टेशनसमोरील अभिनंदन फलकाचा मजकूर बदलणे व टेनिस कोर्टवर सकाळची वेळ मिळणेबाबत.
संदर्भ : हौशी महिला टेनिस स्पर्धा, चाळिशीपुढील गट.

महोदय,

उपरोक्त स्पर्धेत मी विजेती ठरले आहे. गटात नावे दोनच होती. दुसऱ्या खेळाडू श्रीमती सालोमी डिमेलो यांना कामावरून सुट्टी न मिळाल्याने त्या आल्या नाहीत. पंचांनी वाट पाहून चषक माझ्या हातात दिला. मी एकही चेंडू मारलेला नाही.

२. आमच्या सोसायटीने हौसेने ‘नायगावची शान, टेनिसविजेती’ असा माझ्या फोटोसह फलक लावला. त्यास आपली रीतसर परवानगी आहे, म्हणून आपणांस ही तसदी. तेव्हापासून मी तोंडाला ओढणी बांधून मागच्या जिन्याने स्टेशनात शिरते. शेजारच्या कु. ऋतिकाला तिच्या आईने माझ्याकडे शिकायला पाठवले. नाही म्हणायची सोय नव्हती. मी तिला माझाच बॅकहँड शिकवला. आता तिचाही चेंडू जाळ्यात जातो.

३. खरे सांगायचे तर मी सोसायटीच्या पंपरूमच्या भिंतीवर चेंडू मारून एकटीच खेळते. सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू माझ्या डोक्यामागे पडतो. पाय हलत नाहीत. मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ पाहून झाले. शेवटी प्रत्येकाचे एकच सांगणे, आपल्याहून बऱ्या खेळाडूशी खेळा. अशा मला एकट्या सालोमीताईच ठाऊक आहेत.

४. माझी आई श्रीमती भागूबाई निर्मळ गावात फुलांची वाडी करते. भाऊ सुरज तिला स्कूटरवर बसवून फलक दाखवायला घेऊन आला. ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, ही माझी पोरगी, असे सांगत होती म्हणे. येत्या रविवारी ती आळीतल्या बायकांना घेऊन माझा खेळ बघायला येणार आहे. साहेब, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे.

तरी राहिलेला अंतिम सामना रविवारी खरोखरच खेळवावा. मी सालोमीताईंच्या घरी जाऊन विचारले. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. तोवर मला सकाळी तासभर कोर्ट मिळावे. फलकावरील ‘टेनिसविजेती’ खोडून ‘टेनिस शिकत आहे’ असे लिहावे, खर्च मी देईन. फोटोला मात्र हात लावू नये. आईला वाचता येत नाही. ती फक्त माझा चेहरा बघायला येते.

आपली शरमिंदी अर्जदार,
(सही)
सौ. विनिता श्रीरंग सामंत
नायगाव (पूर्व), मंगळवार

सोबत : चषक. सामना होईपर्यंत कृपया आपल्या कपाटात ठेवावा.