दादा, तुझा पुरावा पोकळ निघाला

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तुझ्या कामात चूक सापडली आहे. जन्मभर तू माझ्या चुका काढल्यास, तेव्हा ही बातमी तुला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहितेय.

तू गेल्यावर तुझं अर्धं राहिलेलं काम कंपनीनं माझ्याकडे दिलं. गाडीतली चिप. इंजिन, ब्रेक, दिवे, सगळ्यांचे निरोप एकाच वाटेनं जायचे आणि एका वेळी एकालाच वाट मिळायची. समजावताना तू म्हणाला होतास, "आपल्या जुळे सोलापुरातल्या नळासारखं गं. पाणी आलं की सगळ्यांनी एकदम मोटारी लावून कसं चालंल? पण कुणाची टाकी कोरडी राहता कामा नये." सिद्ध करायचं ते एवढंच, की जो मागेल त्याला पाळी मिळेलच. आणि तेही चिप घडायच्या आधी, आराखड्यावरच, गणितानं. न बनलेली वस्तू आपण तपासतो कशी, हे आईला अजून उमगलेलं नाही.

आराखडा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आपल्या टूलनं, तुझ्या त्या ओळीपुढं 'सिद्ध' म्हणून हिरवी खूण दिली होती. मी पुन्हा चालवलं, तर चहा कपात ओतायच्या आत खूण हजर. इतक्या लवकर? शंका आली. मग तूच शिकवलेली खोडी केली. टूलला धडधडीत खोटं सिद्ध करायला सांगितलं: जो मागेल त्याला पाळी कधीच मिळणार नाही. त्यानं तेही सिद्ध केलं! मला हसूच फुटलं.

मग टूलनं काय गृहीत धरायचं, त्या तू घातलेल्या अटी वाचल्या. एकीत लिहिलंयस, मागणी केली की पाळी मिळेपर्यंत ती सोडायची नाही. दुसरीत, मागणी केली की पाळीची वाट न बघता लगेच सोडायची. दोन्ही पाळायच्या तर कुणाला मागताच येत नाही. आणि कुणी मागतच नसेल, तर मागेल त्याला मिळेल हे खरंच की. खोटं पाडायला आहे कोण?

साहेबांना सांगितलं तेव्हा ते हळहळले. "मॅडम, त्यांचं शेवटचं काम होतं." मी म्हटलं, चूक दिसली असती तर दादानंच आधी तुम्हाला फोन केला असता. चुकीची अट काढली, तर ब्रेकचा निरोप खरंच रांगेत अडकत होता. आता दुरुस्ती चालू आहे.

पण इतकी साधी गफलत तुझ्याकडून झाली कशी? हे कोडं काही सुटेना. दमला होतास का? अटॅक यायच्या आधी त्या दिवसांत सारखा डावा हात चोळत बसायचास. आई म्हणायची, "दवाखान्यात दाखव की रं." तुझं उत्तर ठरलेलं, "आई, आजवर माझा एकबी रिपोर्ट वाईट आलेला न्हाय." ती पुन्हा कामाला लागायची. वहिनी आणि मीसुद्धा.

काल त्या अटींवर नजर फिरवताना तुझं हे वाक्य आठवलं. तू खोटं बोलत नव्हतास, दादा. एकही रिपोर्ट वाईट नव्हता. तू रिपोर्ट काढलाच नव्हतास ना?

लबाड कुठला! चिपमधली चूक नजरेतून सुटली असेल, रिपोर्टची ही पळवाट मात्र तुला पक्की ठाऊक होती. फार राग आलाय तुझा. आणि तरी विचारावंसं वाटतं, ते म्हणताना मनातल्या मनात हसायचास, की घाबरलेला असायचास?

आज सकाळी आई जिना चढताना मध्येच बसली. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर पदरानं घाम पुसत म्हणाली, "मला काय झालंय? आजवर कुटल्या डॉक्टरनं मला आजारी म्हटलं न्हाय."

"कुठल्या डॉक्टरकडे गेली होतीस, आई?"

ती कठड्याला धरून उठली. मग म्हणाली, "माझी चप्पल कुटं हाय बघ."

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. तिला आत नेलंय. तुला शब्द देते, रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय आज घरी जाणार नाही. उद्या वहिनीचा नंबर लावते, परवा माझा. वाईट आला तर येऊ दे. निदान तो असेल.

तुझी,
सुजू