कबरीजवळ उभी राहा

हैद्राबाद, ता. ९ जानेवारी १९५७

आईच्या पायावर अंगदचं डोकं. पत्र वाचणारानं सावकाश वाचावं.

धाकट्या येडबाचं डोक्याचं आपरेशन झालं. तवापासून फेफरं एकदाबी आलं न्हाई. पोटभर जेवायलाय. मेंदूच्या शोधासाठी सरकारनं पैसा दिलाय, म्हणून दवापाणी फुकट हाय.

आपरेशनात त्याला जागंच ठेवलं होतं. भिऊ नको, दुखत न्हाई म्हणं. त्याची बोली डाक्टरांना समजंना, म्हणून मला जवळ बसवलं. त्यांनी मेंदूला बारीक तार लावून जराशी बिजली सोडली, तसा येडबाचा हात आपोआप उठला. दुसऱ्या जागी तार लावली, तर त्यानं मेंढरं वळवायची हाळी दिली, अगदी आपल्या माळावर देतो तशी. डाक्टरांनी इचारलं, काय बोलला? मी म्हटलं, मेंढरं माघारी बोलवतोय.

तुझा गुडघा कसा हाय? कबरी मेंढी व्याली का? तिला इकू नका.

आता येडबा तिचंच नाव घेतो. मला 'तुमी कोण' म्हणून इचारतो. डाक्टर म्हणतात, वेळ लागंल.

आमी शनिवारी निघतो. आई, तू वेशीपाशी येऊ नको. कळपात कबरीजवळ उभी राहा. तिला तो नक्की वळखंल.

तुझाच थोरला,
अंगद