कल्तूमाचं नाक

३ ऑगस्ट

आज दोन पोती पेंड खड्ड्यात पुरली. सित्त नूर रडायचीच बाकी होती. "शंभर माणसं थाळ्या घेऊन उभी आहेत आणि तू अन्न मातीत घालतेस?" घालते! गल्लीच्या चुलीवर ढवळायचं काम तिचं, पण कढईत काय जाईल ते मी ठरवते. त्या पेंडीला बुरशीचा वास होता — कोंदट, ओल्या गोणपाटासारखा. शेंगदाण्याची जुनी पेंड काळीच असते, त्यात बुरशी डोळ्याला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. नाकाला आधी कळतं. आणि असं नाक या गल्लीत एकच आहे.

चाळीस वर्षं तेलाच्या घाण्यावर काढली. नवरा उंट हाकायचा, मी दाणे घालायची आणि पेंड काढायची. अख्ख्या अल-फाशर शहरातले मेंढपाळ मला विचारून पेंड न्यायचे. एकानं ऐकलं नाही. त्याच्या मेंढ्यांचे आधी डोळे पिवळे झाले, मग पंधरवड्यात साठ मेंढ्या गेल्या. त्यानंतर माझ्याशी कुणी वाद घातला नाही.

आता शहराला वेढा आहे, मेंढ्या खाऊन संपल्या, आणि त्यांची पेंड आम्ही खातो.

५ ऑगस्ट

एक पोतं चांगलं, एक पुरलं. बाजाराच्या बाजूला दुपारभर तोफगोळे पडत होते. आमची चूल पेटलेली होती, ती पेटलेलीच राहिली.

९ ऑगस्ट

तीन दिवस तापानं आडवी होते. पडल्या पडल्या बजावून ठेवलं होतं — मी हुंगल्याशिवाय पोतं उघडायचं नाही. नाही उघडलं कुणी. चिंचेचं पाणी पिऊन राहिले सगळे. सित्त नूर म्हणाली, "तू मेली असतीस तर आम्हीही मेलो असतो, तुझ्या नाकाची वाट बघत." बोलते तिखट, पण तीन दिवस माझं डोकं तिनंच चेपलं.

आज उठले. अशक्तपणा आहे, बाकी मी ठणठणीत.

१० ऑगस्ट

नशीब उघडलं! नाल्यापलीकडच्या बंद गिरणीतून बायकांनी नऊ पोती ओढून आणली. वरचं छप्पर गळत होतं म्हणे, म्हणून मी हात कोपरापर्यंत घालून आतली पेंड काढली, फोडली, हुंगली. कसलाच वास नाही. इतकी साफ पेंड तर शांततेच्या दिवसांतही हाती आली नव्हती. लगेच एक पोतं भिजत घातलं.

तैसीरनं दोनदा मागून खाल्लं. "आजी, आज थोडं कडू आहे." मला नाही लागलं कडू. मीठच नाही, त्यामुळे मला हल्ली कशालाच चव लागत नाही. म्हटलं, "कडू म्हणजे औषध. खा."

सहा वर्षांची आहे पोर. तिची आई, माझी लेक, मे महिन्यात पाण्याला गेली ती आलीच नाही. तैसीर मात्र जगणार. ते मी ठरवून टाकलंय, तिथे ना वेढ्याचं काही चालणार ना तोफांचं.

१३ ऑगस्ट

सलग पाच पोती चांगली निघाली. सित्त नूर चिडवते, "तुझ्या नाकालाही भूक लागली वाटतं. हल्ली काहीच परत पाठवत नाही." म्हटलं, परत पाठवायला वाईट असावं लागतं.

१४ ऑगस्ट

शंभराच्या एकशे चाळीस थाळ्या झाल्या. लांबच्या गल्ल्यांतून माणसं येतात. "कल्तूमाच्या चुलीवरचं खाल्लं तर बाधत नाही," असं बोलतात. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

१६ ऑगस्ट

तैसीरच्या पोटात दुखतंय, उलट्या झाल्या. गल्लीतल्या आणखी तीन पोरांनाही तेच. विहिरीचं पाणी, दुसरं काय! यापुढे उकळल्याशिवाय थेंब द्यायचा नाही.

इसहाक मास्तर बघायला आले. शाळा होती तेव्हा तिथे शिकवायचे, आता सगळ्यांच्या घरी जाऊन काळजी करतात. म्हणाले, "पोरीचे डोळे बघ गं कल्तूमा. पिवळट वाटतात."

"मास्तर, पिवळ्या ताडपत्रीखाली बसलोय. तुमची दाढीसुद्धा पिवळी दिसतेय."

हसले नाहीत. हसण्याइतकी ताकद त्यांच्यात उरलेली नाही.

१८ ऑगस्ट

सित्त नूरला लग्नाच्या पेटीत मूठभर कॉफीच्या बिया सापडल्या. विकायला हव्या होत्या, पण ती हट्टी. चुलीवर कढल्यात भाजल्या आणि रीतीप्रमाणे धुरासकट कढलं एकेकाच्या नाकाशी नेलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी धूर ओढून घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "नूर, मला माझं घर आठवलं." गल्लीतून जाणारी एक अनोळखी बाई वासावर आत आली आणि दाराशीच रडत बसली.

मग कढलं माझ्याकडे आलं. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं. वास आला नाही. पुन्हा वाकले. इतकी वाकले की भुवई होरपळली. नाही.

"झकास आहे," मी म्हणाले. तसं म्हणायचंच असतं.

घरी येऊन रॉकेलची चिंधी नाकाला लावली. मग तैसीरची उलटीची फडकी. काहीच नाही. ताप आल्यापासून मी एकही पोतं परत पाठवलेलं नाही. मला भीती वाटते आहे.

१९ ऑगस्ट

आठ पोती शिजली. नवव्यातली पेंड सित्त नूरच्या नाकाशी धरली. तिनं तोंड फिरवलं.

तैसीरला ताडपत्रीखालून उन्हात नेलं. डोळे पिवळे आहेत.