समासातला विद्वान

३ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आलेल्या गठ्ठ्यात मला माणूस सापडला! समासात याने पेन्सिलीने असे शेरे मारलेत की वा! एका लांबलचक प्रकरणाखाली लिहितो, ‘पुरे झालं. आता उठा आणि कामाला लागा.’ एका ओळीत केवढं तत्त्वज्ञान! या मूळ मालकाचा पत्ता मला हवाच. वाचनालयात त्याच्यावर माझं भाषण ठरलंय. तुझ्या मामीला शेरे वाचून दाखवले, तर भांडी घासता घासता नुसतं हूं म्हणाली. तिला काय कळतंय!

लोभ आहेच, पत्ता तेवढा पाठव.

— मामा

९ जून

ती. मामीस सा. न. वि. वि.

हे पत्र मामाच्या हाती पडू देऊ नकोस. पुस्तकांत मला जुन्या मालकांच्या केसांच्या पिना सापडतात, वाळकी पानं, एकदा तर दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी. पण विकण्याआधी मी पेन्सिलीची रेघन्‌रेघ खोडते. मामाची पुस्तकं कोरी गेली होती. आणि ‘उठा आणि कामाला लागा’ हे ऐकतच मी तुझ्याकडे लहानाची मोठी झाले! मामाला सांगून टाकू का?

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,

ठमी

१४ जून

चि. ठमीस पोटभर आशीर्वाद.

खबरदार, अवाक्षर काढशील तर! गठ्ठे पलंगाखाली धूळ खात पडतात, म्हणून दुपारी मी वाचते आणि सुचेल ते लिहिते. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला काय वाटतं, असं एकदाही विचारलं नाही. आता चष्मा पुसून माझेच शेरे मला मोठ्यांदा वाचून दाखवतात. हसू येतं गं, मग रडूही येतं. भाषणाला येते म्हटलं, तर म्हणाले, तू उगाच कंटाळशील. झालं, ठरलं मग! नव्या पुस्तकात एक शेरा लिहून तुझ्याकडे निघून येतेय. माझं अक्षर ओळखून न्यायला आले, तरच परत जाईन. अंथरूण घालून ठेव.

माया आहेच.

— मामी

२१ जून

चि. ठमीस घाईचे आशीर्वाद.

भाषण गाजलं! नाव न मिळाल्याने उलट गूढच वाढलं. घरी येऊन नवं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर आपला विद्वान: ‘जेवण झाकून ठेवलंय. यापुढे आपलं आपण वाढून घ्यावं.’ ज्ञान कुणी ताटात आणून देत नाही, हे किती साध्या शब्दांत सांगितलंय! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या भाषणाचा विषय मिळाला.

लोभ ठेव.

— मामा

ता. क. तुझी मामी कालपासून दिसत नाही. तुझ्याकडे आलीय का? आली असेल तर ती जेवण कुठे ठेवते, तेवढं विचारून कळव. फार भूक लागलीय.